सेलेना आणि तेहानो संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्ससची गायिका सेलेना किंतानिया हिच्याबद्दल बहुतेकांना दोन गोष्टी ठाऊक असतात: ऐन तारुण्यात तिचा खून झाला, आणि १९९७ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटात जेनिफर लोपेझनं तिची भूमिका केली. या पानावर मुख्यतः तिच्या संगीताबद्दल लिहिलं आहे. ती गाणी कशी तयार झाली, त्यांच्यामागे कोणता विचार होता आणि ती ऐकताना, वाजवताना, गाताना कशाकडे लक्ष द्यायचं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

तेहानो संगीत म्हणजे काय?

टेक्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक म्हणजे तेहानो, आणि त्यांचं संगीत ते तेहानो संगीत. यांतली कित्येक घराणी १८४५ मध्ये टेक्सस अमेरिकेत सामील झालं त्याच्याही आधीपासून तिथली आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी टेक्ससमध्ये वसले. त्यांच्यासोबत अकॉर्डियन आणि पोल्का आले आणि मेक्सिकन गाण्यांत मिसळले. त्यातून कोन्हुंतो नावाचा छोटा संच तयार झाला. बटणांचं अकॉर्डियन आणि बारा तारांचं, गिटारपेक्षा खालच्या स्वरात लावलेलं बाहो सेक्स्तो ही त्यातली मुख्य जोडी. बेस आणि ड्रम नंतर आले. अकॉर्डियनवर नार्सिसो मार्तिनेस आणि बाहो सेक्स्तोवर सांतियागो आल्मेइदा यांच्या १९३६ पासूनच्या ध्वनिमुद्रिकांनी या वादनाला वळण दिलं.

दुसरी शाखा ऑर्केस्त्रांची. १९४० च्या दशकात बेतो विया याने सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचा मोठा ताफा उभा केला. १९६०-७० च्या दशकांत लिटल जो आणि सनी ओसुना यांनी त्यात सोल आणि रॉक मिसळलं. १९८० च्या दशकात मास आणि ला माफिया या बँडनी सिंथेसायझर पुढे आणले. अकॉर्डियन आणि ब्रासचं बरंचसं काम की-बोर्डवर होऊ लागलं. सेलेनाचा बँड या शेवटच्या टप्प्यातला. म्हणून तिच्या गाण्यात खरं अकॉर्डियन शोधायला गेलात तर बहुतेक वेळा की-बोर्डच सापडेल.

तिच्या कारकिर्दीचा थोडक्यात आलेख काय?

जन्म १६ एप्रिल १९७१, लेक जॅक्सन, टेक्सस. वडील अब्राहम किंतानिया यांचा तरुणपणी 'लोस दिनोस' नावाचा गायनगट होता. १९८० मध्ये त्यांनी 'पापागायोस' हे रेस्टॉरंट उघडलं आणि मुलांचा बँड तिथे वाजू लागला: सेलेना गायला, थोरला भाऊ ए. बी. बेसवर, बहीण सुझेट ड्रमवर. तेलाच्या मंदीत वर्षभरात रेस्टॉरंट बंद पडलं, कुटुंब कॉर्पस क्रिस्टीला गेलं आणि लग्न, जत्रा, नाचाचे हॉल जिथे बोलावतील तिथे वाजवणं हाच चरितार्थ झाला.

१९८४ मध्ये फ्रेडी रेकॉर्ड्सकडून पहिली तबकडी निघाली. पुढची चार-पाच वर्षं टेक्ससमधल्या छोट्या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रण चाललं. याच काळात तेहानो म्युझिक अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान तिच्याकडे आला आणि पुढे तो वर्षानुवर्षं तिच्याकडेच राहिला. १९८९ मध्ये होसे बेहार यांनी तिला ईएमआय लॅटिनशी करारबद्ध केलं. नंतर 'सेलेना' (१९८९), 'बेन कोन्मिगो' (१९९०), 'एंत्रे आ मी मुंदो' (१९९२), 'सेलेना लाइव्ह!' (१९९३) आणि 'आमोर प्रोइबीदो' (१९९४) हे अल्बम आले. 'लाइव्ह!'ला १९९४ च्या ग्रॅमी समारंभात सर्वोत्कृष्ट मेक्सिकन-अमेरिकन अल्बमचा पुरस्कार मिळाला. ३१ मार्च १९९५ रोजी तिचा मृत्यू झाला. 'ड्रीमिंग ऑफ यू' त्यानंतर, जुलै १९९५ मध्ये प्रकाशित झाला.

बँडमध्ये कोण काय वाजवायचं?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच. मोठ्या कंपनीत गेल्यावर गायिकेला साधारणपणे स्टुडिओतले भाडोत्री वादक मिळतात. सेलेनाच्या स्पॅनिश अल्बमांचा कणा मात्र शेवटपर्यंत रोज तिच्याबरोबर बसमधून फिरणारा बँडच राहिला.

ए. बी. किंतानिया बेस वाजवायचा, आणि मुख्य संगीतकार आणि निर्माताही तोच. सुझेट ड्रमवर; तेव्हाच्या तेहानो बँडमध्ये बाई ड्रमवर दिसणं दुर्मीळ होतं. रिकी वेला आणि जो ओहेदा की-बोर्डवर. पीट आस्तुदियो सहगायक आणि ए. बी.चा गीतलेखनातला जोडीदार. गिटारवर ख्रिस पेरेस. तो सॅन अँटोनियोचा, रॉक आणि मेटलवर वाढलेला. १९९२ मध्ये त्याचं आणि सेलेनाचं लग्न झालं. दोन की-बोर्ड असल्यामुळे एक जण ब्रास किंवा अकॉर्डियनचे तुकडे वाजवतो आणि दुसरा सुरावटीची गादी धरून ठेवतो. हेडफोन लावून डावीकडे-उजवीकडे लक्ष दिलं की ही वाटणी स्पष्ट कळते.

तिला स्पॅनिश येत नव्हतं, हे खरं का?

सुरुवातीला खरं. घरात इंग्रजी बोललं जायचं. वडिलांनी ओळीओळीने उच्चार बसवून घेतले आणि ती अर्थ समजून घेऊन पाठ गायची. वडिलांचा हिशेब अनुभवातून आला होता: त्यांच्या तरुणपणीचा लोस दिनोस इंग्रजी डू-वॉप (अनेक आवाजांत मिळून गायची अमेरिकन शैली) गायचा, पण मेक्सिकन-अमेरिकन लोक नाचायला येत ते स्पॅनिश गाण्यांवर.

पाठ केलेल्या भाषेत गाण्याचा एक फायदा तिच्या आवाजात ऐकू येतो. प्रत्येक अक्षर नीट उच्चारल्यामुळे ओळीचा शेवट गिळला जात नाही. तोटाही आहे. १९८० च्या दशकातल्या तबकड्यांवर काही ठिकाणी भावना शब्दावर न बसता सुरावर बसते. १९९२ नंतर मेक्सिकोत, विशेषतः मोंतेर्रेमध्ये, प्रसिद्धीसाठी जावं लागलं, तिथे पत्रकारांशी स्पॅनिशमध्येच बोलावं लागलं, आणि ती भाषा तिच्या रोजच्या बोलण्यात आली. 'एंत्रे आ मी मुंदो' आणि 'आमोर प्रोइबीदो' पाठोपाठ ऐकले तर दुसऱ्यात ती शब्दांशी खेळते, ओळ मुद्दाम उशिरा उचलते, मध्येच बोलल्यासारखं गाते, हे जाणवतं.

कुंबियाचा ठेका ओळखायचा कसा?

तिची बहुतेक गाजलेली गाणी कुंबिया आहेत. हा ठेका मूळ कोलंबियाचा, मेक्सिकोमार्गे टेक्ससला पोचलेला. मराठी वाचकांना आठ मात्रांत मांडून सांगणं सोपं पडेल.

बेस पहिल्या मात्रेवर षड्ज धरतो, पाचवीवर गंधार, सातवीवर पंचम: सा – – – ग – प –. गाणं मायनरमध्ये असेल तर गंधार कोमल. कॉर्ड बदलली की हीच आकृती नव्या मूळ स्वरावरून. घासून वाजवायचं धातूचं वाद्य, म्हणजे ग्वीरा, पहिल्या मात्रेवर लांब घासतं आणि तिसऱ्या-चौथ्यावर दोन छोटे फटके देतं. तेच पाचव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेवर पुन्हा: झींऽ चिकचिक, झींऽ चिकचिक. की-बोर्ड किंवा गिटारची कॉर्ड बेसच्या मधल्या, उलट्या जागांवर तुटक पडते. लय साधारण मिनिटाला ८५ ते १०० ठोके; या मोजणीत एक ठोका म्हणजे दोन मात्रा.

पोल्का याहून वेगळी. तिथे दोन ठोक्यांचं आवर्तन, बेस प्रत्येक ठोक्यावर आणि कॉर्ड लगेच त्याच्या मागोमाग: ढुम-चक, ढुम-चक. 'बैला एस्ता कुंबिया' ऐकताना वरच्या आकृतीवर बोट ठेवून मोजा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर ती कानात बसेल.

आमच्या ग्रुपला तिची गाणी वाजवायची आहेत. काय चुकतं?

सर्वांत मोठी चूक वेगाची. गाणं आनंदी वाटतं म्हणून ते पळवलं जातं. शंभराच्या वर गेलं की बेसच्या पाचव्या आणि सातव्या मात्रेतली ऐसपैस जागा संपते, आणि कंबर हलण्याऐवजी पाय नुसते आपटले जातात. क्लिक लावून ९० वर सराव करा.

दुसरी चूक ड्रमची. प्रत्येक ठोक्यावर सारख्याच जोराचा किक दिला की तो डिस्को होतो. किक हलका ठेवा. ग्वीरा आणि बेस यांना पुढे येऊ द्या. ग्वीरा मिळत नसेल तर हाय-हॅटवर तीच लांब-छोटं-छोटं आकृती वाजवा, पण लांब फटक्याला हाय-हॅट अर्धवट उघडी हवी, नाहीतर सगळे फटके सारखेच ऐकू येतात. ढोलकवर कहरवा वाजवायची सवय असलेले वादक आठही मात्रा भरून काढतात. इथे दुसरी आणि सहावी रिकामी सोडायची.

तिसरी चूक बेस लांबवण्याची. पहिल्या मात्रेचा स्वर चौथीच्या शेवटापर्यंत ओढला की पाचवीची ठिणगी पडत नाही. स्वर तिसरीपर्यंत धरा आणि बोटानं तार दाबून बंद करा. की-बोर्डवर 'ब्रास'चा आवाज लावाल तेव्हा त्यातला रिव्हर्ब जवळजवळ शून्य ठेवा. ते तुकडे छोटे, कोरडे आणि एकदम थांबणारे आहेत.

गायिकेसाठी एक गोष्ट: पट्टी स्वतःच्या गळ्याप्रमाणे खुशाल बदला, पण इतकी खाली नको की धृपद छातीच्या आरामशीर आवाजात येईल. सेलेनाच्या धृपदात आवाजावर थोडा ताण असतो आणि गाण्याची धग त्यातूनच येते.

गाणी कोण लिहायचं?

बहुतेक ए. बी. आणि पीट आस्तुदियो. 'कोमो ला फ्लोर', 'आमोर प्रोइबीदो', 'सी उना बेस' आणि 'तेक्नो कुंबिया' ही या जोडीची. 'नो मे केदा मास' रिकी वेलाचं. 'बीदी बीदी बोम बोम'वर सेलेना आणि आस्तुदियो यांची नावं आहेत. हे गाणं बँडबरोबर सुचेल तसं गुणगुणताना, बुडबुड्यांबद्दलच्या निरर्थक शब्दांवर सुरू झालं. नंतर त्याला प्रेमात पडलेल्या मुलीच्या धडधडत्या छातीचा विषय मिळाला. त्यातला गिटारचा तुकडा ख्रिस पेरेसचा, आणि तो सरळ रॉकमधून आलेला आहे.

'फोतोस इ रेकुएर्दोस' हे प्रिटेंडर्स या बँडच्या 'बॅक ऑन द चेन गँग' या इंग्रजी गाण्याचं रूपांतर. मूळ गीतकार क्रिसी हाइंड यांची परवानगी घेऊन वेलाने स्पॅनिश शब्द लिहिले आणि बँडने त्याला कुंबियावर बसवलं. मूळ गाणं आधी ऐकून मग हे ऐकावं; रॉकच्या ठेक्याचं कुंबियात रूपांतर करताना नेमकं काय बदलतं हे समजायला यापेक्षा सोयीचं उदाहरण नाही.

तिच्या संगीतामागचा विचार नेमका काय होता?

तिने तो कुठे लेख लिहून मांडलेला नाही. कामाच्या पद्धतीतून तो काढावा लागतो. आमच्या मते त्याचा गाभा असा: नाचणाऱ्याचा पाय सुटता कामा नये, बाकी सगळं बदलता येतं.

नाचाच्या हॉलमध्ये वाढलेल्या बँडला टाळ्यांवरून नाही, फरशीवरून पावती मिळते. गाणं फसलं तर जोडपी बाजूला जाऊन बसतात. दहा-बारा वर्षं ही परीक्षा दर आठवड्याला दिल्यामुळे या मंडळींना कळलं होतं की बेस आणि ग्वीरा यांची आकृती अभंग ठेवली तर वर काहीही चढवता येतं. 'बीदी बीदी बोम बोम'मध्ये रॉक गिटार आणि रेगेची छटा, 'तेक्नो कुंबिया'मध्ये नव्वदच्या दशकातलं नृत्यसंगीत आणि रॅपसारखी बोली, 'सी उना बेस'मध्ये मारियाचीचा, म्हणजे मेक्सिकोतल्या व्हायोलिन-ट्रम्पेट-गिटारच्या ताफ्यांच्या संगीताचा ठसका. प्रत्येक गाण्यात एखादी गोष्ट नवी, आणि पाया जुना. म्हणूनच साठीतली जोडपी आणि त्यांची नातवंडं एकाच गाण्यावर नाचू शकत.

दुसरी गोष्ट, तिने कधी एका बाजूची निवड केली नाही. डोना समर, जॅनेट जॅक्सन आणि रोसियो दुर्काल हे सगळे प्रभाव तिने उघडपणे बाळगले. टेक्ससमधल्या मेक्सिकन घरातल्या मुलीला इंग्रजी डिस्को आणि आजीची रान्चेरा (मेक्सिकोतली पारंपरिक गाणी) दोन्ही तितकीच आपली असतात. ती एकाच कार्यक्रमात दोन्ही गायची. अशा मिश्रणाला अनेकदा कंपनीची विक्रीची युक्ती समजलं जातं. १९८० च्या दशकातल्या, मोठी कंपनी येण्याआधीच्या तबकड्यांवरही हेच मिश्रण आहे, त्यामुळे ते मत टिकत नाही.

आणि तिसरी, गायिका मध्यभागी असली तरी गाणं बँडचं. तिच्या गाण्यात ताना मारायला जागा कमी आहे. कडव्यात ती सरळ गाते, धृपदात आवाज उघडते, आणि मुरक्या शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवते. तोवर वाद्यांच्या तुकड्यांना उत्तरं देत राहते. हा संयम ऐकण्यासारखा आहे. स्पर्धांमधून तिची गाणी गाणाऱ्या मुली पहिल्याच ओळीपासून हरकती घेतात आणि धृपदासाठी काही उरत नाही.

तेहानोत बायकांना जागा नव्हती का?

गायिका होत्या, पण बँडची प्रमुख बाई असणं आयोजकांना पचत नसे. मुलगी पुढे असलेल्या बँडला गर्दी होणार नाही म्हणून सेलेनाच्या बँडला (वडिलांच्या गटाचं 'लोस दिनोस' हे नाव त्यानंही घेतलं होतं) कामं नाकारली गेली. सेलेनाआधीची वाट लिडिया मेंदोसानं पाडली. तिने १९३४ मध्ये 'माल ओम्ब्रे' ध्वनिमुद्रित केलं आणि बारा तारांच्या गिटारवर एकटीनं दौरे केले. १९८० च्या दशकात लॉरा कानालेस होती. सेलेनाचं यश या दोघींना वगळून सांगणं अन्याय्य आहे.

'तेहानोची मॅडोना' हे नाव योग्य आहे का?

रंगमंचावरच्या कपड्यांपुरतं. बुस्तिए (अंगाला घट्ट बसणारी, चोळीसारखी वस्त्रं) ती स्वतः डिझाइन करायची, मण्यांचं कामही करायची, आणि १९९४ मध्ये कॉर्पस क्रिस्टी व सॅन अँटोनियोत तिनं बुटिक उघडली. संगीतात साम्य फारसं नाही.

ती फक्त कुंबिया गायची का?

नाही. 'नो मे केदा मास' ऐका. ही रान्चेराच्या अंगाची संथ विरहिणी आहे, आणि आवाजातला कंप, स्वर खालून उचलणं, शेवटी जवळजवळ बोलण्यावर येणं, सगळं मारियाची परंपरेतलं. 'के क्रेयास' हे दुसरं उदाहरण; कार्यक्रमात ती यासाठी प्रेक्षकांतल्या एखाद्या पुरुषाला वर बोलावून त्याच्यावरच सगळा राग काढायची. 'तू सोलो तू' ही फेलिपे वाल्देस लेआल यांची जुनी रान्चेरा तिने पूर्ण मारियाची ताफ्यासोबत गायली. अल्वारो तोर्रेस याच्याबरोबरचं 'बुएनोस आमिगोस' हे पॉप युगुलगीत १९९२ मध्ये बिलबोर्डच्या लॅटिन गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्यामुळे टेक्ससबाहेरच्या, तेहानो न ऐकणाऱ्या श्रोत्यांना तिचं नाव कळलं.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'आमोर प्रोइबीदो'पासून. अल्बमचं शीर्षकगीत तिच्या आजी-आजोबांच्या गोष्टीवरून सुचलेलं: गरीब-श्रीमंत घरांतलं, घरच्यांना नको असलेलं प्रेम. यातली चार गाणी लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. पूर्ण अल्बम सलग ऐका, कारण क्रमात कुंबिया आणि संथ गाणी नाचाच्या रात्रीसारखी आलटून पालटून येतात.

मग 'सेलेना लाइव्ह!'. हा ७ फेब्रुवारी १९९३ रोजी कॉर्पस क्रिस्टीच्या मेमोरियल कोलिझियममध्ये मुद्रित झाला; शेवटी तीन नवी स्टुडिओ गाणी जोडलेली आहेत, त्यांतलं एक एमिलियो नवाइराबरोबरचं युगुलगीत. आमची शिफारस अशी की 'कोमो ला फ्लोर' आधी स्टुडिओतलं ऐकावं आणि लगेच रंगमंचावरचं. रंगमंचावर ती सुरुवातीच्या ओळी ठेक्याशिवाय, ओढून, थांबत गाते. लोक वाट पाहून अधीर झाल्यावर ड्रम कुंबियात पडतो. ख्याल ऐकणाऱ्यांना या थांबण्यातली गंमत लगेच कळेल.

तिसरा 'बेन कोन्मिगो'. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला आहे. १९८० च्या दशकातली गाणी सगळ्यांत शेवटी ऐका. आवाज लहान आहे, सिंथेसायझर पत्र्यासारखे वाजतात, पण ती कुठून आली ते कळतं.

अ‍ॅस्ट्रोडोमचा कार्यक्रम एवढा का गाजतो?

२६ फेब्रुवारी १९९५, ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममधला रोडिओ महोत्सव, ६१ हजारांहून जास्त लोक. जांभळा जंपसूट घालून ती बग्गीतून मैदानात आली आणि सुरुवात केली ती इंग्रजी डिस्को गाण्यांच्या मालिकेनं. तेहानो कार्यक्रमाची अशी सुरुवात धाडसाची होती. ध्वनिमुद्रण 'लाइव्ह! द लास्ट कॉन्सर्ट' या नावानं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. चित्रफीत पाहताना ड्रमकडे लक्ष ठेवा: डिस्कोतून कुंबियाकडे जाताना सुझेट फक्त काही ठोक्यांत ठेका बदलते आणि गर्दीची हालचाल त्याच क्षणी बदलते.

इंग्रजी अल्बम म्हणजे तेहानो सोडणं होतं का?

'ड्रीमिंग ऑफ यू' पूर्ण इंग्रजी नाहीच. सेलेना गेली तेव्हा काही इंग्रजी गाणीच तयार होती. कीथ थॉमससारख्या बाहेरच्या निर्मात्यांनी केलेली ती गाणी, जुन्या स्पॅनिश गाण्यांची नवी मिश्रणं आणि डेव्हिड बर्नबरोबरचं द्वैभाषिक युगुलगीत असा तो संच आहे. बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. पहिल्या आठवड्यात ३ लाख ३१ हजार प्रती विकल्या गेल्या. बहुतांशी स्पॅनिश असलेल्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

संगीत म्हणून बोलायचं तर 'आय कुड फॉल इन लव्ह'मधला मऊ, श्वासाचा आवाज सुंदर आहे. मात्र त्यात तिचा बँड नाही आणि ती पोकळी जाणवते. इंग्रजी ही तिची मातृभाषा, त्यामुळे इंग्रजीत गाणं हे घर सोडणं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मराठी बोलणाऱ्याला ही गाणी गाता येतील का? उच्चारांचं काय?

इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा आपल्याला कितीतरी सोपं जातं. स्पॅनिशमधले त आणि द दंत्य, आपल्यासारखेच, ट-ड नकोत. प आणि क यांत हकार नाही. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ, लहान-मोठे करून अर्थ बदलत नाही. 'ओ' आणि 'ए' शेवटपर्यंत एकाच जागी ठेवा. 'कॉमो' नव्हे, 'कोमो'.

लक्ष ठेवायच्या गोष्टी अशा. लिहिलेला हकार मूक असतो, म्हणून 'प्रोइबीदो'. व आणि ब एकच, ओठ सैल ठेवून. झेडचा उच्चार या भागात स. दोन स्वरांमधला द जिभेनं नुसता शिवायचा, दाबायचा नाही. साधा र आपलाच. दुहेरी र मात्र जीभ थरथरवून. न वर नागमोडी रेघ असेल तर न्य.

सर्वांत जास्त फसतं ते शब्दांचं जोडणं. एक शब्द स्वरात संपून पुढचा स्वराने सुरू झाला की दोन्ही मिळून एकच अक्षर होतं: 'सी उना बेस' गाताना 'स्युनाबेस'. वेगळे गायलात तर अक्षरं जास्त होतात आणि ओळ ठेक्यात मावत नाही. म्हणून आधी ताल धरून नुसतं वाचा, मग सुरात गा. आघाताचा नियम सोपा आहे: शब्द स्वर, न किंवा स मध्ये संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, वर तिरकी रेघ असेल तर ती सांगेल तिथे.

नाच कसा करतात?

जोडीनं, हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत. मूळ पाऊल चार मोजांचं: एकावर डावा पाय मागे, दोनावर वजन परत उजव्यावर, तीनावर डावा जागेवर, चारावर क्षणभर थांबून टेकवणं, मग तेच उजव्यानं. गुडघे सैल, पावलं छोटी, डोकं वरखाली नको. नवशिके मागचं पाऊल फार लांब टाकतात, त्यामुळे दोनावर परत येता येत नाही आणि मागच्या जोडीला धक्का लागतो. सेलेनाची गिरकी पाहून लगेच ती करायला जाऊ नका. आधी दोन गाणी नुसतं पाऊल टाका.

तिचा मृत्यू कसा झाला?

तिच्या फॅन क्लबचं आणि बुटिकचं काम पाहणाऱ्या महिलेनं पैशांच्या अफरातफरीचा वाद चालू असताना कॉर्पस क्रिस्टीतल्या मोटेलमध्ये तिला गोळी घातली. सेलेना २३ वर्षांची होती. आरोपीला ऑक्टोबर १९९५ मध्ये जन्मठेप झाली. या पानाला त्याहून जास्त तपशिलाची गरज नाही.

मृत्यूनंतर निघालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी कोणती घ्यावीत?

'ड्रीमिंग ऑफ यू' आणि 'लाइव्ह! द लास्ट कॉन्सर्ट' जरूर. २०२२ च्या 'मूनचाइल्ड मिक्सेस'मध्ये किशोरवयातल्या मुद्रणांचा आवाज संगणकावर खाली आणून मोठ्या वयाचा भासवला आहे. कुटुंबानं ते प्रेमानं केलं असेल, तरी ज्या आवाजाचा विकास आपण ऐकू पाहतो तोच त्यात पुसला जातो. आम्ही मूळ मुद्रणंच सुचवू.

तिच्यानंतर तेहानोचं काय झालं?

नव्वदच्या उत्तरार्धात बाजार आटला. टेक्ससमधल्या अनेक रेडिओ केंद्रांनी मेक्सिकोहून आलेल्या नोर्तेन्यो आणि बांदा संगीताकडे मोर्चा वळवला. ग्रॅमीतली तेहानो अल्बमची स्वतंत्र श्रेणीही २०११ नंतर दुसऱ्या श्रेणीत विलीन झाली. ए. बी.ने 'कुंबिया किंग्स' काढून कुंबियात हिप-हॉप मिसळण्याचं काम पुढे नेलं. ख्रिस पेरेस बँडच्या 'रिसरेक्शन'ला २००० मध्ये ग्रॅमी मिळालं. नाचाचे हॉल मात्र चालू आहेत, आणि तिथे 'कोमो ला फ्लोर' वाजल्यावाचून रात्र संपत नाही.

टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना काय पाहता येईल?

ह्यूस्टनहून कॉर्पस क्रिस्टी गाडीनं सुमारे ३४० किलोमीटर, सॅन अँटोनियोहून साधारण २३०. समुद्रकिनाऱ्यालगत 'मिरादोर दे ला फ्लोर' हे १९९७ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. ते उघड्यावर असल्यामुळे कधीही पाहता येतं. सेलेना म्युझियम १९९८ पासून किंतानिया कुटुंबाच्या क्यू प्रॉडक्शन्स या कंपनीच्या इमारतीत आहे. तिथे तिचे पोशाख, पुरस्कार आणि गाडी पाहायला मिळते. हे कुटुंबाचं कामकाजाचं ठिकाण असल्यानं निघण्याआधी वेळा तपासून घ्या. तिची समाधी सीसाइड मेमोरियल पार्कमध्ये आहे. एप्रिलच्या मध्यात, वाढदिवसाच्या सुमारास गेलात तर गर्दी होईल, पण त्या दिवसांत शहरात तिची गाणी थेट वाजवणारे बँड ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त.